शुभाचा दामास आणि माझं एक वाक्य

शुभा,

आज तुला पोहोचवून आले. क्रिमेटोरियमच्या पार्किंगमध्येच इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी मला गाठलं. "रविवारी शोकसभा ठेवलीय. तुम्हीच बोला, तुम्ही तिच्या सगळ्यांत जुन्या मैत्रीण. पाच मिनिटं. फार हेवी नको, यंग क्राउड पण असेल. तो थिएटरमधला किस्सा सांगा ना!" मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

तो किस्सा सगळ्या मंडळाला पाठ आहे. ऑपरेशन चालू असताना डॉक्टर शुभदा मराठीत म्हणाल्या, "मारून टाक त्याला," आणि नेमकं पेशंटला मराठी येत होतं. किस्सा खरा आहे. फक्त ते वाक्य तुझं नव्हतं, माझं होतं. हे तुला ठाऊक होतं आणि मला. गेल्या मंगळवारी तू गेलीस, आता ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले, आणि आज दुपारी तुझ्या लेकीने मला त्याबद्दल सरळ तोंडावर विचारलं.

मी काय उत्तर दिलं ते पुढे सांगते. आधी मला तुझ्याशी भांडायचंय.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मँचेस्टरच्या कडेच्या त्या हॉस्पिटलमध्ये आपली बुधवारची ऑपरेशनांची लिस्ट एकत्र असायची. तू सर्जन, मी भूल देणारी. टेबलावरच्या माणसाच्या छातीपाशी उभा पडदा, त्याच्या डोक्याकडे मी, पोटाकडे तू. मला तुझी नुसती टोपी दिसायची आणि आवाज यायचा. पेशंट गाढ झोपला आणि तुझे हात लयीत चालू लागले, की पलीकडून तू विचारायचीस, "विजू, कुठे होतो गं आपण?" आणि आपण तुझ्या कादंबरीतल्या सिसिलीत जायचो.

कादंबरी तू कागदावर नंतर उतरवायचीस. आधी ती पडद्यावरून माझ्याकडे टाकून बघायचीस, टिकते का ते. मी टिकू द्यायचे नाही. सिस्टर्सनाही सवय झाली होती. "हाऊ आर युअर स्लेव्ह्ज टुडे, डॉक्टर?" असं त्या विचारायच्या आणि तू अगदी गंभीरपणे सांगायचीस, "स्टिल रिफ्यूझिंग टु वर्क."

दोन हजार वर्षांपूर्वीची सिसिली, रोमनांची, गव्हाची. खऱ्या इतिहासात तिथले गुलाम दोनदा उठले, त्यांनी मालकांची घरं जाळली आणि दोन्ही वेळा ते रक्तात बुडाले. तुला तिसरं बंड लिहायचं होतं, जे झालंच नाही. तुझा दामास हा मालकाच्या मुलाबरोबर धाडलेला गुलाम. मुलाच्या लिहायच्या पाट्या उचलायच्या आणि तत्त्वज्ञ शिकवत असेल तोवर मागे भिंतीशी उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. तो तत्त्वज्ञ स्टोइक पंथाचा. तो रोज सांगायचा की जन्माने कुणी गुलाम नसतो, साखळी पायाला असते, हो म्हणायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या हातात असतं. एवढं सांगून तो घरी जायचा आणि स्वतःच्या गुलामाकडून पाय चेपून घ्यायचा. मालकाचा मुलगा ते वाक्य पाठ करून विसरून जायचा. ते खरं मानलं एकट्या दामासने.

त्याच्या बंडाला तू एकच नियम दिलास. ऐकायचं नाही आणि हात उगारायचा नाही. ऐन सुगीत बारा मळ्यांवरचे गुलाम खळ्यात जाऊन बसतात. मार खातात, त्यात काही मरतातही, पण मळणी करत नाहीत. रोमची भाकरी सिसिलीच्या गव्हाची, त्यामुळे महिन्याभरात तिथले बाजार ओस पडतात आणि सेनेटची माणसं जहाजातून बोलणी करायला येतात. मग पुढची दोन हजार वर्षं वेगळी. तू ती कुठच्या कुठे नेली होतीस! माणसं कोंबून समुद्रापार जाणारी जहाजं नाहीत, त्यांच्या घामावरचे उसाचे मळे नाहीत, कापसाचे नाहीत.

"म्हणजे मँचेस्टरच्या गिरण्याही नाहीत," मी पडद्याअलीकडून म्हटलं. "गिरण्या नाहीत तर मँचेस्टर नाही, हे हॉस्पिटल नाही. तुझ्या दामासने आपल्या दोघींची नोकरी घालवली की गं!"

तुझे हात थांबले. "माझी गेली तर चालेल," म्हणालीस.

ते तू गमतीत म्हणाली नव्हतीस. मिरजेहून आलेली, हाताला यश असलेली तू, आणि दहा वर्षं स्टाफ ग्रेडवर. म्हणजे वरच्या कन्सल्टंटचं काम तू करायचं आणि पलंगावरच्या पाटीवर नाव त्याचं. केस बिघडली की तुला बोलावणं, बरी झाली की थँक-यू कार्ड त्याला. मंडळातले लोक तुला विचारायचे, अहो, तुम्हाला रोमन गुलामांचं काय पडलंय? आपल्याकडे विषयांचा तोटा आहे का? तू हसून विषय बदलायचीस. मला मात्र ठाऊक होतं, दामास ज्या भिंतीशी उभा होता ती भिंत तू रोज बघत होतीस.

आपलं भांडण कोठारापाशी सुरू झालं. बंड जिंकत आलंय. मालक व्हिबियस स्वतःच्याच धान्याच्या कोठारात कोंडला गेलाय आणि किल्ली दामासच्या हातात आहे. मारायचा की सोडायचा? तू म्हणायचीस, मारला तर हे बंड आधीच्या दोन बंडांसारखंच, मग इतिहास वेगळा कुठे झाला? सगळं त्या एका दारावर आहे. मी म्हणायचे, सोडलास तर तुझा व्हिबूशेठ उद्या फौज घेऊन दारात उभा राहील. आणि मेलिताचं काय? मेलिता म्हणजे तुझ्याच तिसऱ्या प्रकरणातली दळणारी बाई, जिच्या मुलाला व्हिबियसने खळ्यात सगळ्यांसमोर मारलं होतं.

"दया करणारा दामास कोण?" मी विचारायचे. "मुलगा मेलिताचा गेलाय. तिला विचारलंस?"

"विचारलं तर ती मारच म्हणेल."

"मग?"

"मग नाही विचारायचं."

मला असा राग यायचा! तुझा तो शांत आवाज, जसं काही मीच अडाणी. दर बुधवारी आपण त्या दारापाशी येऊन अडायचो.

तर तो एक बुधवार. मिस्टर बेंजामिन, सत्त्याहत्तर वर्षांचे, हर्नियाचं ऑपरेशन. फुप्फुसं कामातून गेलेली, म्हणून मी पूर्ण भूल न देता पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला आणि वर थोडं गुंगीचं औषध दिलं. सकाळी वॉर्डमध्ये त्यांनी मला "ऑल राइट, लव्ह?" म्हणून रामराम केला होता, जन्मभर मँचेस्टरच्या बस चालवलेल्या माणसाच्या थाटात. रंग सावळा होता खरा, पण नाव बेंजामिन. तुम्ही मूळचे कुठले, असं आपल्याला इथे कुणी विचारलं की आपण चिडतो, मग मी त्यांना कशाला विचारू? टेबलावर डोळे मिटलेले, श्वास संथ. मला वाटलं, झोपले. त्यांच्या उशाशी बसून ते झोपलेत की जागे आहेत हे बघणं माझं काम होतं, शुभा. तुझं नव्हे.

तू म्हणालीस, "विजू, आज मी दार उघडतेय."

मी म्हटलं, "काही उघडू नकोस. इथपर्यंत आलीस आणि आता सोडतेस? मारून टाक त्याला. आणि लवकर, कुणी यायच्या आत."

मॉनिटरवरची नाडी पळायला लागली. सत्तरची शंभर, शंभरची एकशे तीस. मला वाटलं, आत कुठेतरी रक्त सुटलं.

"शुभा, ब्लीडिंग आहे का?"

"नाही. ड्राय आहे."

"नीट बघ!"

"बघतेय, विजू. काहीही नाहीये."

रक्त जात असेल तर ब्लड प्रेशर उतरायला हवं, ते चढत होतं. मला काही कळेना. सिस्टर ट्रॉलीकडे सरकली. मी सिरिंज भरायला घेतली.  तेवढ्यात ऑक्सिजनच्या मास्कखालून आवाज आला.

"बाई, मला मारू नका. माझी बायको बाहेर बसलीय."

मी वाकून बघितलं. डोळे सताड उघडे, पाणी कानापर्यंत ओघळलेलं. सिस्टर विचारत होती, "व्हॉट डिड ही से? डॉक्टर, व्हॉट डिड ही से?" मी त्यांचा हात घट्ट धरला आणि काय काय बोलले देव जाणे. काका, गोष्ट आहे हो ती, गोष्ट, तुम्हाला कुणी काही करत नाहीये, मी आहे ना. मी आहे ना! ज्या बाईने मारायला सांगितलं तीच. पलीकडे तुझे टाके राहिले होते. ते तू एकदाही न थांबता घातलेस, आणि पडद्यावरून एकदाच माझ्याकडे बघितलंस.

संध्याकाळी तू मला हाताला धरून वॉर्डात नेलंस. मी जाणार नव्हते. ते उशीला टेकून बसले होते. रेवदंड्याचे बेने इस्राएल, आपले कोकणातले ज्यू. घरी आई मराठीच बोलायची, ती गेल्यावर मराठी बोलायला कुणी उरलं नाही. "मी झोपलो नव्हतो, बाई," म्हणाले. "डोळे मिटून ऐकत होतो. वाटलं, उघडले तर तुम्ही बोलायच्या थांबाल. किती वर्षांनी मराठी कानावर पडत होती! गोष्ट बेस चालली होती हो. पण गुंगीत होतो ना, मधेच वाटलं माझीच चाललीय." त्यांना आपले दोन आवाजही वेगळे ओळखू आले नव्हते. मग त्यांनी तुला विचारलं, "त्या सावकाराचं पुढे काय केलंत?" तू म्हणालीस, "अजून ठरायचंय, काका." तुझे डोळे भरून आले होते आणि मी मात्र सुटकेचा श्वास टाकत होते.

त्यांनी घरी जाऊन गंमत म्हणून ते सांगितलं. त्यांच्या मुलाला ती गंमत वाटली नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही. माझ्या बापाच्या बाबतीत असं झालं असतं तर मी हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं. त्याचं पत्र आलं. माझे वडील टेबलावर असताना डॉक्टरबाई त्यांच्या भाषेत असं असं म्हणाल्या, कोणत्या ते कळावं.

मेडिकल डायरेक्टरच्या खोलीत आपण दोघी शेजारीशेजारी बसलो होतो. पुढच्या गुरुवारी माझा कन्सल्टंटचा इंटरव्ह्यू होता. तुझ्या बढतीचे कागद त्याच माणसाच्या टेबलावर होते, दहा वर्षांनी एकदाचे तिथवर पोचलेले. तो माणूस वाईट नव्हता. त्याने पत्र वाचून दाखवलं, चष्मा काढला आणि विचारलं, हे वाक्य तुमच्यापैकी कोण म्हणालं?

मी तोंड उघडलं होतं. हे तुला तरी पटायला हवं. मी तोंड उघडलं होतं, शुभा.

"मी," तू म्हणालीस. "गोष्ट माझी आहे, वाक्यही माझंच."

त्याने माझ्याकडे बघितलं. "इज दॅट करेक्ट, डॉक्टर?"

आणि मी मान हलवली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी म्हटलं, "शुभा, अगं..." तू म्हणालीस, "गप. गुरुवारची तयारी कर. चल, चहा घेऊ." त्यानंतर तो विषय तू कधी काढला नाहीस. तुला लेखी ताकीद मिळाली, बढतीचे कागद परत आले ते कायमचेच. थिएटरच्या दारावर नोटीस लागली, आत फक्त इंग्लिश. आपल्या लिस्ट वेगळ्या झाल्या. मी कन्सल्टंट झाले. तू केक घेऊन आली होतीस.

त्या केकबद्दल, त्या गुरुवारबद्दल, नंतरच्या माझ्या सगळ्या कौतुकाबद्दल मी तुझी ऋणी आहे, हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं. सांगणार होते. इंटरव्ह्यू होऊ दे, मग सांगते. नोकरीत जरा रुळू दे, मग. मग वर्ष उलटलं, आणि आता उकरून काढून कुणाचं भलं होणार, हे वाक्य मला सापडलं. भित्र्या माणसाला असली वाक्यं पटकन सापडतात. आणि खरं सांगू? रागही होता. मला न विचारता तू माझ्यावर उपकार करून ठेवलास. तुझ्या दामाससारखा. किल्ली तुझ्या हातात, दार तू उघडणार, आतल्याने मुकाट बाहेर यायचं.

सहा वर्षं आपण दर रविवारी फोनवर सिसिलीबद्दल भांडत राहिलो, आणि त्या खोलीबद्दल एक अक्षर नाही.

हॉस्पिसमध्ये, तुझ्या त्या शेवटच्या दवाखान्यात, अखेरची भेटले तेव्हा तू म्हणालीस, "उघडलं बघ दार." आणि उशीखालून कागद काढून वाचायला लागलीस. दर दोन ओळींना थांबत होतीस. व्हिबियस उन्हात डोळे किलकिले करत बाहेर येतो. कुणी हात उगारत नाही, कुणी वाकतही नाही. घसा सुकलेला आहे, तो पाणी मागतो. एकही जण जागचा हलत नाही. दामास बोट दाखवतो आणि म्हणतो, "विहीर तिकडे आहे." संपलं प्रकरण.

मला ते इतकं आवडलं की मी चिडलेच. "आणि फौज?"

"आणेल कदाचित. ते माझ्या हातात नाही."

"आणि मेलिता?"

तू कागद परत उशीखाली सारलेस. "ते मला नाही जमलं," म्हणालीस. "तू लिही."

मग मी धीर केला. म्हटलं, "शुभा, त्या दिवशी त्या खोलीत..." आणि तू हात जरासा वर केलास. कळलं, असं असेल. नको, असंही असेल. नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि मला बाहेर जायला सांगितलं.

आता आज दुपारचं. मँचेस्टरजवळच्या सेलमधल्या तुझ्या घरी माणसांची दाटी, कोट कुठे ठेवायचे कळेना. तुझी इरा मला जिन्यापाशी घेऊन गेली. डोळे सुजलेले, हातात मोबाइल, त्यात तिने काहीतरी लिहून ठेवलेलं.

"विजूमावशी, मला संडेला मराठीत बोलायचा आहे. मम कसली ब्रेव्ह होती ते. पण डॅड म्हणतो, तिचा बिग माउथने तिचा करिअर खाल्ला. ती खरंच असा बोलली होती, त्या पेशंटसमोर? तू होतीस ना तिथे. यू आर द ओन्ली वन."

मी तिच्याकडे बघितलं. तुझंच कपाळ, तुझ्याच भुवया.

"हो गं," मी म्हटलं. "असंच काहीतरी. जुनी गोष्ट आहे, राहू दे." आणि माझा कोट शोधायला गेले.

हे मी तुझ्या लेकीला, तुला पोहोचवल्यावर दोन तासांच्या आत सांगितलं. या वेळी माझं तोंड बंद करायला तू नव्हतीस, इंटरव्ह्यू नव्हता, काहीच नव्हतं.

*

मंगळवार, संध्याकाळ.

काल तिथेच थांबले. रविवारी मी हेच वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून. कुणी अट घातलेली नाही, माझं मी ठरवलं. पण आज काय झालं ते आधी तुला सांगायला हवं.

सकाळी रजा टाकली आणि सेलला गेले. ट्रामने गेले, कारण गाडी असती तर मी वाटेतून परत फिरले असते. दार इराने उघडलं. तुझा अनिरुद्ध स्वयंपाकघरात लोकांचे डबे धूत होता. कुणाचा कोणता डबा, त्याच्या चिठ्ठ्या करून त्याने खिडकीत ओळीने लावल्या होत्या. मला बघून म्हणाला, "ये विजू, चहा टाकतो."

"नको," मी म्हटलं. कोटसुद्धा काढला नव्हता. "अनिरुद्ध, ते वाक्य शुभाचं नव्हतं. मी म्हटलं होतं. तिने स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. काल इराशीसुद्धा मी खोटं बोलले."

इरा म्हणाली, "व्हॉट?" आणि मग, "सिक्स इयर्स, मावशी!"

अनिरुद्धने नळ बंद केला. वळला नाही. "तुझं कन्सल्टंटचं?"

"त्याच्या पुढच्या आठवड्यात झालं."

"अच्छा."

मी तयारी करून गेले होते. तो ओरडेल, चालती हो म्हणेल, मग मी जाईन, आणि माझं मन मोकळं होईल. तो ओरडला नाही. खिडकीकडे बघत म्हणाला, "मी तिला विचारलं होतं. ताकीद घेऊन घरी आली त्या दिवशी. म्हटलं, अगं तुला अक्कल नाही का? दहा वर्षं वाट बघितलीस आणि एका वाक्यात घालवलंस? ती म्हणाली, 'नाहीये मला अक्कल.' एवढंच. मी दोन-तीन महिने तिच्याशी धड बोललो नाही."

शुभा, तेव्हा मला तुझा जो राग आला, तसा गेल्या सहा वर्षांत आला नव्हता. मला सोडलंस, ठीक आहे, तो तुझा मोठेपणा, मी तो जन्मभर वागवीन. पण ह्याला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? तो कुणाकडे बोलला नसता. त्याला तू अंधारात ठेवलंस, आणि त्या अंधारात त्याने जे केलं ते आता त्याला तुझ्याकडे येऊन पुसता येत नाही. तुझा दामास चुकला, बाई. दार उघडलं ते बरोबर, पण बाकीच्यांना विचारायला हवं होतं. हे तुला फोनवर ऐकवायला मी काय वाटेल ते दिलं असतं. तू म्हणाली असतीस, विचारलं असतं तर? 

अनिरुद्ध आता माझ्याकडे वळला होता. हातातून पाणी ठिबकत होतं.

"सहा वर्षं मी तिला त्यावरून बोललोय," तो म्हणाला. "डिनरला, पार्टीला, चार लोक जमले की माझं सुरू. हिचं तोंड आणि हिची बढती. नक्कल करून दाखवायचो तिची. लोक हसायला लागले की ती ताटं घेऊन आत जायची."

"अनिरुद्ध..."

"तू असायचीस की तिथे. समोरच्याच खुर्चीवर."

"असायचे."

"मग?"

इरा माझ्याकडे बघत होती. खोटं बोलायला या वेळीही जागा होती, आठवत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"हसायचे," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी."